यंत्र अनुदानात मिळतं, डोळा मिळत नाही

गणपती विसर्जन झालं की आपल्या भागात बेणणीची घाई सुरू होते. पावसाने कमरेएवढं वाढलेलं गवत, त्यात रानमोडी, वेली, काटेरी झुडपं. मोहोर येण्याच्या आधी आंब्याचा तळ स्वच्छ व्हायला हवा. काजूच्या बागेतही तेच. शिवाय पुढे डिसेंबरनंतर वणव्याची धास्ती असते, तेव्हा बागेभोवतीचा पट्टा साफ करून ठेवावाच लागतो. पूर्वी या कामाला दहा-बारा गडी कोयते घेऊन आठवडाभर राबत. आज गडी मिळत नाहीत. मिळाले तर रोज परवडत नाही. म्हणून घरोघरी ग्रासकटर आला. सकाळी सात वाजता वाडीवर उभं राहिलं तर चारी दिशांनी त्याची घरघर ऐकू येते.

या यंत्राविरुद्ध माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. कृषी खात्यात गावपातळीवर काम करताना मी स्वतः कितीतरी बागायतदारांना ते घ्यायला सांगितलं आहे. एक माणूस दिवसभरात जेवढं गवत मारतो, तेवढं कोयत्याने मारायला चार-पाच माणसं लागली असती. आज बागा टिकून आहेत त्यात या यंत्राचा वाटा मोठा आहे. तक्रार आहे ती आपण ते ज्या तऱ्हेने वापरतो त्याबद्दल. त्यात माझाही दोष आहे. तो कसा, ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका बागायतदाराने अनुदानावर ग्रासकटर घेतला. मोका तपासणीला मीच गेलो होतो. यंत्राचा नंबर बिलाशी ताडून पाहिला, टेस्ट रिपोर्ट बघितला, मालकाला यंत्राशेजारी उभं करून फोटो काढला. सगळे कागद चोख. अनुदान खात्यात जमा झालं, त्यांनी मला चहाला बोलावलं. पुढच्याच ऑक्टोबरात त्या यंत्रावर काम करणाऱ्या गड्याचा उजवा डोळा गेला. गडग्याच्या कडेला गवतात जुन्या कंपाउंडची गंजकी तार पडली होती. पात्याने तिचा दीड इंचाचा तुकडा तोडला आणि तो सरळ डोळ्यात घुसला. गाडी करून त्याला गोव्याला नेलं. जीव वाचला, डोळा वाचला नाही. वय चौतीस, म्हणजे माझ्याच वयाचा माणूस.

नंतर मी ते यंत्र पाहिलं. गार्ड काढून पडवीत ठेवलेला होता. चष्मा कधी घेतलाच नव्हता. मला माझा फोटो आठवला. त्या फोटोत यंत्र होतं, मालक होते, गार्डसुद्धा जागेवर होता. जो माणूस ते यंत्र रोज खांद्याला लावणार होता, तो मात्र त्या फोटोत नव्हता. मी त्याची चौकशीही केली नव्हती.

पात्याचं गणित

बऱ्याच जणांना वाटतं, हे यंत्र म्हणजे कोयत्याचा मोठा भाऊ. गवत कापतो, त्यापलीकडे काय? एकदा हे गणित मांडून बघा. दहा इंची पात्याचा घेर साधारण ८० सेंटिमीटर. इंजिन भरात असताना पातं मिनिटाला ७ हजार फेरे घेतं असं धरलं, तर पात्याचं टोक एका मिनिटात ५ हजार ६०० मीटर कापतं. म्हणजे तासाला सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. कोकण रेल्वेवरची कुठलीही गाडी याच्या निम्म्या वेगानेही धावत नाही. त्या वेगाने जांभ्याचा खडा उडाला, बाटलीची काच उडाली, तारेचा तुकडा उडाला, तर डोळ्याची पापणी मिटायलाही सवड मिळत नाही.

दुसरी गोष्ट. बहुतेक ग्रासकटरचं पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतं. तुमच्या यंत्रावर बाण असेल, तो बघून खात्री करा. पातं उलट फिरतं म्हणजे त्याच्या डाव्या बाजूची धार तुमच्याच दिशेने येत असते. तिच्यात सापडलेला खडा तुमच्याच पायाकडे, तोंडाकडे येतो. त्याच्या वाटेत उभा असतो तो गार्ड. तो काढला की मध्ये काहीच उरत नाही.

गार्ड का काढतात, हेही मला ठाऊक आहे. ओलं गवत आत भरतं, सारखं थांबून काढावं लागतं, काम रेंगाळतं. पण त्यावर उपाय गार्ड काढणं हा नाही. गवत फार उंच असेल तर ते एका दमात मुळाशी न कापता आधी वरचा भाग आणि मग खालचा, असं दोन वेळा मारा. दव सुकल्यावर काम सुरू करा. तंगूस लावून काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. गार्डला आतून एक छोटी सुरी असते, ती तंगूस ठरावीक लांबीवर कापते. गार्ड नसला की तंगूस वाढत जातो, इंजिनवर भार येतो, ते तापतं, क्लच झिजतो. म्हणजे गार्ड काढून वेळ वाचवणारा शेवटी मेकॅनिककडे पैसे मोजतो.

'काय्येक होवचा नाय'

गावात हा विषय काढला की एक उत्तर ठरलेलं आहे. 'काय्येक होवचा नाय सायबांनू, दहा वर्सां मशीन मारतंय.' खरं आहे. दहा वर्षांत काही झालं नाही. पण त्या गड्यालाही आधीच्या दिवसापर्यंत काही झालं नव्हतं. अपघात अनुभव विचारून येत नाही. उलट नवखा घाबरून काम करतो आणि जुना निर्धास्त होतो. कातरीच्या हिशेबात दहा वर्षांचा अनुभव धारेला दिसत नाही.

काही गैरसमज आणि काही खोडी तर सरळ जिवावर उठणाऱ्या आहेत. तंगूस लवकर झिजतो म्हणून त्याच्या जागी बाइंडिंगची तार लावणारे मी पाहिले आहेत. ती तार तुटली की तिचा तुकडा गोळीसारखा सुटतो. तडा गेलेलं पातं वेल्डिंग करून परत बसवणारे पाहिले आहेत. वेल्डिंगच्या जागी पोलाद ठिसूळ होतं आणि पातं फिरता फिरता दोन तुकडे होतं. लोखंडी साखळीचे तुकडे जोडलेली पातीही कुठे कुठे मिळतात. अशा जोडलेल्या धातूच्या पात्यांनी परदेशात माणूस दगावल्यावर युरोपीय संघाने २०१२ साली हातात धरायच्या ब्रश कटरसाठी त्यांवर बंदीच घातली. कंपनीने त्या यंत्रासाठी सांगितलेलं पातं सोडून दुसरं काही लावू नका. झाडाच्या खोडाला लावायचं दातेरी चक्र गवतावर फिरवू नका आणि गवताच्या पात्याने खोड तोडू नका.

यंत्र सुरू करण्याआधी

आधी रान फिरून बघा. हातात काठी घ्या. गडग्याच्या कडेचे सुटे दगड, बाटल्या, तारा, ठिबकचे तुटलेले पाइप, जुने खुंट उचला. उचलता येत नसेल त्या जागी फडकं बांधून खूण करा. काठी फिरवली की फुरसं असलं तर हालचाल कळते, गांधीलमाश्यांचं पोळं असलं तर तेही आधी दिसतं. यंत्राच्या आवाजात आणि कंपनात गांधीलमाश्या बिथरतात, आणि खांद्याला यंत्र बांधलेल्या माणसाला पळता येत नाही. म्हणून पट्ट्याची झटक्यात सुटणारी कडी कुठे आहे ती हाताला पाठ असू द्या. डोळे मिटून सुटते का, दोन वेळा करून बघा.

अंगावर काय हवं, ते ऐका. डोळ्यांना बाजूनेही झाकणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा. नुसती जाळीची झडप पुरत नाही, बारीक कण जाळीतून आत येतात. चष्मा आत आणि झडप वर, असं दोन्ही. बाजारातला काळा गॉगल म्हणजे संरक्षण नव्हे, तो फुटला तर त्याच्याच काचा डोळ्यात जातील. पायात घट्ट बूट, निदान गमबूट, त्यावर नडगीला संरक्षक पट्ट्या. फुल पँट. लुंगी नको, गळ्यात पंचा नको, भगिनींनी यंत्र चालवताना साडीचा पदर आणि ओढणी आत खोचलेली असावी, सलवार-कुडता किंवा पँट बरी. चपला घालून ग्रासकटर मारणारा माणूस म्हणजे पायाची बोटं उघडी ठेवून कोयत्यापुढे उभा राहिलेला माणूस.

कानांचं कोणी बोलत नाही. या यंत्राचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी शंभर डेसिबलच्या आसपास जातो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करत जावा, असा हिशेब आरोग्याच्या शास्त्रात धरतात. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं येतात. आपला गडी सहा-सात तास मारतो. कान एका दिवसात जात नाहीत, म्हणून कळत नाही. पाच-सात हंगाम गेले की घरची माणसं म्हणायला लागतात, हा हल्ली ऐकूनच घेत नाही. कानावरचे मफ किंवा कानात घालायचे बोळे घ्या, कापूस कोंबून काही होत नाही.

पेट्रोलची गोष्ट

टू-स्ट्रोक यंत्रात पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल मिसळावं लागतं. किती, ते पुस्तकात आणि टाकीच्या झाकणाजवळ लिहिलेलं असतं. २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिलि, ५० ला १ असेल तर लिटरला २० मिलि. 'एक झाकण टाक' हे माप नव्हे. ऑईल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो. फोर-स्ट्रोक यंत्रात मात्र पेट्रोल साधं आणि इंजिन ऑईल वेगळं. दोन्ही प्रकार गावात आहेत, म्हणून डब्यावर रंगाने लिहून ठेवा. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. त्यामुळे मिश्रण लागेल तेवढंच करा, महिन्याहून जास्त ठेवू नका. गेल्या वर्षीचं उरलेलं तेल या वर्षी घालून 'मशीन उठत नाय' म्हणून दोरी ओढत बसू नका.

पेट्रोल भरताना इंजिन बंद करून निवू द्या. आपली माणसं घाईत तापलेल्या यंत्रातच ओततात आणि शेजारी बिडी पेटलेली असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते आणि लांबची ठिणगी पकडते. भरल्या जागेपासून दहा-बारा पावलं दूर जाऊनच यंत्र सुरू करा. ऑक्टोबरनंतर वाळलेल्या गवतावर गरम सायलेन्सर टेकवू नका. वणवा रोखायला गवत मारायला गेलो आणि आपणच वणवा लावून आलो, असं व्हायला नको.

आणि एक कळकळीचं सांगणं. पेट्रोल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नका. बागेत उन्हातान्हात तहानलेला माणूस किंवा घरचं पोर ती बाटली तोंडाला लावतं. घशाखाली गेलंच तर उलटी करवू नका, सरळ दवाखाना गाठा.

काम करताना

यंत्र जमिनीवर सपाट ठेवून, पातं कशाला टेकत नाही ना बघून, मग दोरी ओढा. रेस सोडल्यावर पातं थांबलं पाहिजे. नुसत्या इंजिनवर पातं फिरत राहत असेल तर आयडलिंग वाढलेलं आहे किंवा क्लच खराब आहे. तसं यंत्र वापरू नका, आधी दुरुस्त करा.

पात्याला घड्याळाची तबकडी समजा. तुमच्या समोरचा बिंदू बारा. बारा ते तीन या भागाने दगड, खुंट, जाड खोड लागलं की पातं अख्खं यंत्र उजवीकडे आणि मागे झटकतं. तुमच्या उजव्या हाताला कोणी उभं असेल तर पातं त्याच्या पायावर जातं. म्हणून गवत उजवीकडून डावीकडे, पात्याच्या डाव्या बाजूने मारा. पातं कमरेच्या वर उचलू नका. आपल्या बागा उताराच्या. उतारावर वर-खाली न जाता आडवं आडवं चाला. पावसाळ्यानंतर जांभ्यावर शेवाळ असतं, पाय घसरला तर हातातलं फिरतं पातं कुठे जाईल याचा नेम नाही. आपल्या खालच्या बाजूला कोणाला काम करू देऊ नका.

आजूबाजूला पंधरा मीटरच्या आत कोणी नको. चालून मोजा, वीस-बावीस पावलं होतात. दोन यंत्रं एका बागेत चालत असली तरी दोघांमध्ये हे अंतर हवं. गवत गोळा करणाऱ्या बायका यंत्राच्या मागोमाग चालतात, हे दृश्य मी रोज बघतो. त्यांनी एक पट्टा मागे राहावं, म्हणजे यंत्र दुसऱ्या पट्ट्यात गेल्यावर पहिला गोळा करावा. आणि कानाला मफ लावलेल्या माणसाला मागून हात लावून हाक मारू नका. तो दचकून वळतो आणि त्याच्याबरोबर पातंही वळतं. लांबून वळसा घालून समोर या, हात वर करा, त्याने इंजिन बंद केल्यावर जवळ जा.

पात्यात गवत, वेल अडकली तर इंजिन पूर्ण बंद करा, प्लगची टोपी काढा, मग हात घाला. 'जरासं तर काढायचं' म्हणून चालू इंजिनवर हात घालणाऱ्यांची बोटं गेली आहेत. पात्याचा नट बहुतेक यंत्रांत उलट आट्याचा असतो. तो झिजला की बदला, चार पैसे वाचवू नका. अर्धा-पाऊण तास काम झालं की यंत्र खाली ठेवा. सततच्या कंपनाने बोटांना मुंग्या येतात, पुढे थंडीत बोटं पांढरी पडतात. हे वयाचं दुखणं नव्हे, यंत्राचं आहे.

फांद्या तोडायच्या चेनसॉबद्दल थोडक्यात. जुन्या आंब्याच्या छाटणीसाठी तो आता सर्रास आला आहे. त्याच्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर पट्टी उसळून तोंडावर येते. चेन ब्रेक चालतो की नाही हे रोज सकाळी बघा. खांद्याच्या वर धरून कापू नका, एका हाताने तर कधीच नाही. झाडावर चढून चेनसॉ चालवणं हे शिकलेल्या माणसाचं, दोरखंड बांधून करायचं काम आहे. शिडीवर उभं राहून करायचं नव्हे.

एवढं करूनही काही झालंच तर हे लक्षात ठेवा. डोळ्यात काही घुसलं तर चोळू नका, ओढून काढू नका, पाणी मारू नका. वर कागदी पेला उपडा ठेवून तो सैल बांधा आणि १०८ ला फोन करा. खोल जखमेवर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा. हळद, चहापूड, माती काही भरू नका. बोट तुटलं असेल तर ते स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बर्फ थेट बोटाला लागू देऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

जबाबदारी कोणाची?

वरचं सगळं कुठल्याही यंत्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. मग होत का नाही? कारण पुस्तक मालकाच्या कपाटात आणि यंत्र गड्याच्या खांद्यावर. पुस्तकही बहुधा इंग्रजीत. आपल्या बागांमध्ये नेपाळी कामगार मोठ्या संख्येने आहेत, त्यांना ना इंग्रजी वाचता येत, ना आपली मराठी नीट कळत. त्यांना कोणी शिकवायचं?

माझं म्हणणं साफ आहे. ज्याचं यंत्र, त्याची जबाबदारी. 'त्याला चष्मा दिला होता, तो घालत नाही' हे उत्तर पुरेसं नाही. घामाने चष्म्यावर वाफ धरते, उकडतं, हे खरं आहे. तर वाफ न धरणारा चष्मा घ्या, दर तासाला दहा मिनिटं विसावा द्या, सकाळ-संध्याकाळ काम लावा. आणि गार्ड-चष्म्याशिवाय यंत्र लावायचं नाही, हा नियम करा. यंत्राच्या किमतीपुढे चष्मा, मफ आणि नडगीपट्ट्यांचा खर्च किरकोळ आहे. दुसरी अडचण उक्त्या कामाची. एकरावर काम दिलं की गडी घाई करतो, आणि घाईत पहिला गार्ड निघतो. उक्तं दिलंत तरी अट घाला, की गार्ड काढलेला दिसला तर काम थांबेल. ठेकेदार स्वतःचं यंत्र घेऊन येत असेल तर त्यालाही हीच अट घाला. बाग तुमची आहे.

दुकानदारांनाही सांगणं आहे. यंत्र विकताना दोरी ओढून 'बघा, एका झटक्यात उठतं' हे दाखवता. त्याच वेळी गार्ड का असतो आणि पट्टा झटक्यात कसा सोडायचा हेही दाखवा. चष्मा आणि मफ बिलातच धरा. गिऱ्हाईक कुरकुरेल, पण घेईल.

आणि आम्ही सरकारी माणसं. आम्ही अनुदानासाठी सात-बारा मागतो, कोटेशन मागतो, टेस्ट रिपोर्ट मागतो, बिल मागतो. ग्रासकटर आणि चेनसॉच्या बिलात संरक्षक साहित्य असलंच पाहिजे आणि मोका तपासणीच्या फोटोत यंत्र चालवणारा माणूस ते साहित्य घालून उभा असलाच पाहिजे, अशी एक अट घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे. यासाठी नवा निधी लागत नाही. मळणी यंत्रात हात जायला लागले तेव्हा देशाने १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा केला. त्यात यंत्र बनवणारा, विकणारा आणि वापरणारा, तिघांवरही जबाबदारी टाकली. तोच विचार या खांद्यावरच्या यंत्राला लावायला काय हरकत आहे?

शेवटचा मुद्दा पैशांचा, आणि तो सगळ्यात बोचणारा आहे. शेतकऱ्याला अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू किंवा दोन डोळे, दोन अवयव गेले तर दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर एक लाख. पण ती योजना खातेदार शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी आहे. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्या मजुराला ती लागू होत नाही. त्या गड्याची बायको माझ्याकडे कागद घेऊन आली होती. आधार कार्ड होतं, रेशन कार्ड होतं, दवाखान्याचे कागद होते. सात-बारा नव्हता. मी काही करू शकलो नाही. यंत्र मालकाचं, अनुदान मालकाला, योजना मालकासाठी, आणि डोळा गेला त्याचा, ज्याचं यात काहीच नव्हतं.

म्हणून प्रत्येक बागायतदाराला माझी एक विनंती आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता वीस रुपये आहे. अठरा ते सत्तर वयाच्या, बँकेत खातं असलेल्या कोणालाही तो भरता येतो. अपघाती मृत्यूला दोन लाख, एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर एक लाख. हा विमा एक जून ते एकतीस मे असा चालतो. आपल्या गड्याला बँकेत घेऊन जा, अर्ज भरून द्या, वीस रुपये तुम्ही घाला. दिवसभरात त्याला तुम्ही जेवढ्याचा चहा-वडापाव देता, त्याहून हे कमी आहे. त्या गड्याचे वीस रुपये कोणी भरले असते तर आज त्याच्या घरात निदान लाख रुपये आले असते. डोळा परत आला नसता, पण पोरांच्या शाळेचा प्रश्न काही वर्षं सुटला असता.

तो गडी अजून त्याच वाडीत आहे. आता यंत्र लावत नाही, गवताचे भारे बांधतो. परवा रस्त्यात भेटला. मी काय बोलावं म्हणून थांबलो, तर तोच म्हणाला, 'सायबांनू, माझ्या धाकट्या भावान मशीन हातात घेतल्यान हा. तेका जरा सांगा.' मी त्याच संध्याकाळी गेलो. गार्ड बसवायला लावला, चष्मा घालून पंधरा मिनिटं यंत्र चालवून बघितलं, पट्टा सोडायला शिकवलं. हे काम मी तीन वर्षांपूर्वी करायला हवं होतं.

बागायतदार बंधूंनो, बेणणी सुरू करण्याआधी एकदा पडवीत जाऊन बघा. तुमच्या ग्रासकटरचा गार्ड कुठे आहे? यंत्रावर, की कोपऱ्यात? कोपऱ्यात असेल तर उद्या सकाळी दोरी ओढायच्या आधी पहिलं काम तेच करा.